कसोट्या किती खेळला?

मुंबईच्या कुठल्याही खेळाडूचं नाव घेतलं की येणारा हा प्रश्न ज्याने कुणी पहिल्यांदा विचारला असेल, त्याने मुंबईच्या खेळाचं फार मोठं नुकसान करून ठेवलंय. मी शांतपणे लिहिणार नाही. वीस वर्षं ऐकतोय, आता पुरे.

ठाण्याहून सकाळची फास्ट, ठरलेला डबा, ठरलेली माणसं. घाटकोपर गेलं की कुणीतरी विषय काढतोच: मुंबईकडून खेळलेला सगळ्यात मोठा खेळाडू कोण? प्रश्न नीट ऐका. मुंबईकडून. मुंबईत जन्मलेला नव्हे, मुंबईत फ्लॅट असलेला नव्हे, भारताकडून खेळलेला मुंबईकर नव्हे. मुंबई नावाच्या संघाच्या शर्टात ज्याने सर्वांत जास्त दिलं, तो कोण? इतका साधा प्रश्न आहे. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, कुणीतरी मोबाइल काढतो आणि वाचून दाखवतो: शंभर आंतरराष्ट्रीय शतकं, दोनशे कसोट्या. विषय संपला, म्हणतो.

विषय संपला कसा? अजून सुरूही झाला नाही! ती शंभर शतकं भारताची आहेत. त्यातलं एकही मुंबईच्या टोपीत झालेलं नाही.

मी सचिनच्या विरोधात नाही, हे दर वेळी सांगावं लागतं याचीच चीड येते. सचिनचं नाव घ्यायचं ना, मग हक्काने घ्या, पण मुंबईचं काम दाखवून घ्या. 2000 सालच्या रणजी करंडकाच्या, म्हणजे देशातल्या राज्य संघांच्या स्पर्धेच्या, उपांत्य सामन्यात वानखेडेवर तामिळनाडूविरुद्ध नाबाद 233 केल्या, त्या सांगा. 1991 च्या अंतिम सामन्यात हरियाणाविरुद्ध चौथ्या डावात 96 केल्या, त्या सांगा. तो सामना मुंबई दोन धावांनी हरली, वेंगसरकर 139 वर नाबाद राहिला आणि मैदानावर रडला. ज्याने लॉर्ड्सवर तीन शतकं ठोकली तो माणूस रणजीचा एक सामना हरला म्हणून रडतो, यावरून तरी कळायला हवं की हा शर्ट काय चीज होती. आमच्या डब्यात तीन शतकं सगळ्यांना पाठ आहेत. ते रडणं दोघांना आठवतं, त्यातला एक मी.

गावसकरचंही तेच. 10122 कसोटी धावा, 34 शतकं, 1971 ची वेस्ट इंडिजमधली मालिका, सगळं तोंडपाठ. पण 1982 च्या रणजी उपांत्य सामन्यात कर्नाटकचा डावखुरा फिरकी गोलंदाज रघुराम भट वळवत होता, आणि डावाचा पराभव टाळायला हा माणूस चक्क डावखुरा उभा राहून खेळला. जगातला सर्वोत्तम सलामीवीर, मुंबईची निर्णायक हार टळावी म्हणून आयुष्यभराचा स्टान्स बदलतो! पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटक पुढे गेलंच, पण याला म्हणतात मुंबईकडून खेळणं. मुंबईच्या क्रिकेटमध्ये या हट्टाला, हार न मानण्याला, खडूस म्हणतात. हा मुद्दा मांडला की समोरचा म्हणतो, ‘ते रणजी रे.’

ते रणजी रे! 42 वेळा जिंकलेली स्पर्धा, त्यात 1958-59 ते 1972-73 अशी सलग पंधरा वर्षं. क्रिकेटच्या जगात कुठल्या शहराच्या संघाने सलग पंधरा वर्षं आपल्या देशाची मुख्य स्पर्धा जिंकलीय, दाखवा मला. आणि आपलीच माणसं त्याला ‘ते रणजी’ म्हणतात.

आता मुख्य दुखणं. माझं उत्तर डावखुरा फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर आहे. गेली वीस वर्षं हेच आहे आणि बदलणार नाही. हे नाव घेतलं की डब्यात ठरलेला प्रश्न येतो: कसोट्या किती खेळला?

शून्य. एकही नाही. पुढे?

124 प्रथम श्रेणी सामने, 589 बळी, सरासरी 19.69. डावात पाच बळी 42 वेळा. हे आकडे मी मोबाइल न काढता सांगतो. 1961-62 मध्ये सुरुवात आणि शेवटचा सामना 1987-88 च्या मोसमात, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी! निवृत्त झालेल्या माणसाला मुंबईने परत बोलावलं, आणि तो आला. भारताने कसोटीत कधी खेळवलं नाही, कारण समोर बिशनसिंग बेदी होते आणि संघात डावखुऱ्या फिरकीची जागा एकच. बेदी महान होते, त्याबद्दल वादच नाही. पण यात शिवलकरांचा काय गुन्हा? एका काळात दोन माणसं जन्मली. दुसऱ्या कुठल्याही दशकात हा माणूस पन्नास कसोट्या खेळला असता, असं माझं ठाम मत आहे.

आणि मद्रासचं चेपॉक मैदान, 1973. या एका सामन्यावर मी कुणाशीही रात्रभर भांडायला तयार आहे. रणजीचा अंतिम सामना, खेळपट्टी अशी की चेंडू कुठे जाईल ते गोलंदाजालाही सांगता येऊ नये. मुंबई सर्वबाद 151. समोर तामिळनाडू, त्यांचं घरचं मैदान, त्यांच्याकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार हे फिरकी गोलंदाज. तामिळनाडू सर्वबाद 80. शिवलकर 16 धावांत 8 बळी. मुंबई दुसऱ्या डावात 113. तामिळनाडू 61. शिवलकर 18 धावांत 5. म्हणजे 34 धावांत 13 बळी, अंतिम सामन्यात, परक्या गावात, आणि तेही सलग पंधराव्या विजेतेपदासाठी, जेव्हा सगळा देश मुंबई कधी पडते याची वाट पाहत होता. वेंकटराघवनसारखा माणूस त्याच खेळपट्टीवर गोलंदाजी करत होता हे विसरू नका. खेळपट्टी दोघांनाही सारखीच होती. ज्यांना ‘पिच होती तशी’ म्हणायचंय त्यांनी हे आधी वाचावं.

गावसकरांनी आपल्या आदर्श खेळाडूंवर लिहिलं तेव्हा त्यात शिवलकरांना जागा दिली. ज्यांच्या आकड्यांनी तुम्ही माझं तोंड बंद करता, त्यांनी स्वतः या माणसाला आदर्श मानलं. मग तुम्ही कोण ‘कसोट्या किती’ विचारणारे?

3 मार्च 2025 ला शिवलकर गेले. दुसऱ्या दिवशी डब्यात मी पेपर उघडून बसलो होतो. समोरच्या सीटवरचा, वयाने माझ्याहून मोठा, जन्म दादरचा, पेपरातला फोटो बघून म्हणाला, ‘कोण हो हे?’ मी उत्तर दिलं नाही. देताच आलं नाही. शिवाजी पार्कच्या गल्ल्यांत वाढलेला माणूस हा प्रश्न विचारतो. ज्या मैदानाला तो रोज वळसा घालून शाळेत गेला, त्या मैदानावर शिवलकरांचं अर्धं आयुष्य गेलं. त्या दिवशी भायखळा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

मुंबईचा फलंदाज अमोल मुझुमदार, त्याचंही हेच झालं. पदार्पणात हरियाणाविरुद्ध 260, प्रथम श्रेणीत 11167 धावा, 2006-07 मध्ये कर्णधार म्हणून रणजी विजेता. त्या मोसमात उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात मुंबईची अवस्था शून्यावर पाच बाद होती. शून्यावर पाच! तिथून सामना काढला आणि पुढे करंडकही. यावर एका शहाण्याने मला ऐकवलं, ‘पण इंडिया कॅप नाही ना.’ मग नोव्हेंबर 2025 मध्ये त्यानेच प्रशिक्षण दिलेल्या मुलींनी विश्वचषक जिंकला आणि तोच शहाणा सकाळी पेढे वाटत होता, ‘आपला अमोल, आपला अमोल.’ अरे, तो आपलाच होता की! इतकी वर्षं आपला होता. तेव्हा तुम्ही कुठे होता?

यावर लोक मला कोंडीत पकडायला दुसरं टोक काढतात. म्हणे, तुझ्या नियमाने मग बाहेरून आलेलेही मुंबईचे? हो. शंभर टक्के हो. श्रीलंकेचा मलिंगा मुंबईचा. 12 मे 2019, हैदराबाद, आयपीएलचा अंतिम सामना, शेवटच्या षटकात चेन्नईला 9 धावा हव्यात आणि चेंडू मलिंगाच्या हातात. शेवटच्या चेंडूवर दोन हव्या होत्या. समोर कोण? शार्दूल ठाकूर. पालघरचा, मुंबई रणजीचा पोरगा, चेन्नईच्या पिवळ्या शर्टात. मलिंगाचा हळुवार यॉर्कर, पायचीत, मुंबई इंडियन्स एका धावेने विजेती. त्या क्षणी मुंबईचा कोण होता, गॉलचा की पालघरचा? माझ्या मते उत्तरात काडीचीही शंका नाही. आणि तोच शार्दूल मार्च 2024 मध्ये बीकेसीवर रणजी उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध मुंबई 7 बाद 106 असताना येतो, 109 ठोकतो आणि आपल्याला 42 व्या करंडकापर्यंत नेतो. त्या दिवशी तो मुंबईचा, निर्विवाद. ज्या दिवशी जो शर्ट, त्या दिवशी तो त्या गावाचा. एवढं सरळ आहे, पण लोकांना जन्मदाखला लागतो.

कबड्डीचं नाव काढलं तर लोक हसतात. यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. लालबाग-परळ-नायगावच्या गल्ल्यांतली कबड्डी ही या शहराची स्वतःची चीज आहे, गिरणी कामगारांनी पाळीवरून सुटल्यावर मातीत जगवलेली. मैदानाला पैसे लागत नव्हते, बॅट लागत नव्हती, पॅड लागत नव्हते. क्रिकेटचं वेड जितकं जुनं तितकंच हेही. 2014 ला प्रो कबड्डी लीग आली, मुंबईचा संघ यू मुम्बा, ती पहिल्याच मोसमात अंतिम फेरीत गेली आणि हरली. 2015 ला वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये बंगळुरू बुल्सला 36-30 हरवून जिंकली. तिसऱ्या मोसमात पुन्हा अंतिम फेरी. सलग तीन अंतिम सामने, तिन्ही वेळा कर्णधार अनुप कुमार. हरियाणाचा माणूस. आवाज न चढवता, हातवारे न करता, पायाच्या अंगठ्याने बोनस गुण चोरून आणणारा. मी डब्यात अनुपचं नाव यादीत टाकलं, तर एकाने विचारलं, ‘सीरियसली बोलतोयस?’ हो, सीरियसली बोलतोय! विजेतेपद क्रिकेटने आणलं तरच मुंबईचं, आणि कबड्डीने आणलं तर टाइमपास, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

फुटबॉलवर तर बोलायलाच नको. महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, 2010 मध्ये क्लब बंद झाला, शहराने हूं की चूं केलं नाही. मुंबई सिटीने दोनदा इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) करंडक आणला. डब्यातल्या बारा जणांत एकालाही त्या संघातली तीन नावं सांगता आली नाहीत. विचारून पाहिलंय.

एका ठिकाणी मात्र माझाच नियम मला टोचतो, आणि ते लपवून मी भांडणार नाही. डायना एडलजी. मुंबईची मुलगी, रेल्वे कॉलनीत मुलांबरोबर खेळून मोठी झालेली, 20 कसोट्यांत 63 बळी, 2023 मध्ये आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेली पहिली भारतीय महिला. पण कारकिर्दीचा मोठा भाग रेल्वेच्या शर्टात. माझ्या हिशेबाने मग ती मुंबईच्या यादीत बसत नाही. का गेली ती रेल्वेत? कारण क्रिकेट खेळणाऱ्या मुलीला नोकरी मुख्यतः तिथेच मिळत होती. बीसीसीआयने महिला क्रिकेट 2006 पर्यंत आपल्या छत्राखाली घेतलंच नव्हतं. डायनाने पुढे कितीतरी मुलींना रेल्वेत नोकऱ्या लावून दिल्या, नाहीतर खेळ सोडून घरी बसल्या असत्या. म्हणजे ज्या शर्टाच्या नावाने मी इतका ओरडतोय, तो शर्ट या शहराने आपल्याच मुलीला नीट देऊ केला नाही. इथे दोष डायनाचा नाही आणि नियमाचाही नाही. दोष आपला आहे. डब्यात हे बोललो तर कुणी मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. पण 30 ऑक्टोबर 2025 ला जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 केल्या, तेव्हा रात्री बारापर्यंत ग्रुपवर ‘भांडुपची पोरगी, आपली पोरगी’ चाललं होतं. तिच्या आधीच्या पिढीतल्या मुंबईच्या चार क्रिकेटपटू मुलींची नावं सांगा म्हटलं, तर सगळे गप्प. अभिलाषा म्हात्रे कोण म्हटलं, तर आणखी गप्प. कबड्डीत आशियाई सुवर्ण जिंकलेली, अर्जुन पुरस्कार मिळालेली मुंबईची मुलगी आहे ती, शोधा मोबाइलवर, तो हातातच आहे.

माझी यादी कागदावर लिहून खिशात ठेवलीय. पहिला शिवलकर. दुसरे विजय मर्चंट, कारण रणजीत 98.75 ची सरासरी ही गंमत नव्हे आणि त्यांना विसरायचा तर कुणाला अधिकारच नाही. तिसरा गावसकर, त्या डावखुऱ्या डावासाठीही. चौथा सचिन, 233 साठी. पाचवा रोहित, कर्णधार म्हणून पाच आयपीएल. सहावा मलिंगा. सातवा अनुप कुमार. आठवा मुझुमदार. नववी जागा रिकामी ठेवलीय, तिथे डायनाचं नाव लिहितो आणि खोडतो, लिहितो आणि खोडतो.

ज्याला भांडायचंय त्याने सोमवारी यावं. इंजिनाकडून तिसरा डबा, दाराच्या डाव्या बाजूला. येताना मुंबईच्या शर्टातले आकडे घेऊन या. कसोट्या किती, हे विचारायला येणार असाल तर पुढची गाडी पकडा.