जुन्या स्पोर्ट्स कारचा योग्य भाव कसा काढायचा? लई सोप्पंय

परवाच्या रविवारी पहाटे चारला उठून पुण्याहून निघालो, गगनबावड्याचा घाट उतरून कणकवलीजवळच्या एका गावात पोचलो, कशाला, तर ऑनलाईन बघितलेली सॅन स्टॉर्म बघायला. तीच ती गोव्यात बनायची, १९९८ साली आलेली, दोन सीट, फायबरची बॉडी आणि रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. रात्री साडेअकराला रिकाम्या हाताने परत आलो तेव्हा बायको एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं. असो. तुमचा रविवार वाचावा म्हणून हे चार सल्ले.

पहिलं म्हणजे जाहिरातीत ‘व्हिंटेज’ दिसलं की डोळे झाकून दोन लाख जास्त द्या. सरकारच्या २०२१ च्या नियमात व्हिंटेजला ५० वर्षं लागतात, गाडी मूळ रूपात लागते, नवीन नोंदणीचे २० हजार भरावे लागतात आणि एवढं करून ती रोज ऑफिसला न्यायची नसते ती नसतेच. पण सरकारला काय कळतंय? गाडी १९९९ ची, विकणाऱ्याचा पुतण्या २००४ चा. त्याच्यासाठी झालीच की व्हिंटेज.

भाव कसा काढायचा? दुसऱ्या कोणी तसल्याच गाडीला किती लावलाय बघायचं आणि वर पन्नास हजार टाकायचे. त्या दुसऱ्याने तिसऱ्याचा बघून लावलेला असतो. तिसऱ्याची जाहिरात आठ महिने जागची हललेली नाही, म्हणजे भाव करेक्ट आहे, फक्त ‘सिरियस बायर’ अजून जन्माला यायचाय.

फोटो काढताना बोनेटवर पाणी मारलेलं असेल तर अजून पंचवीस हजार.

गंजाची काळजी तर करूच नका. मी नुसतं विचारलं तर मालक हसले, म्हणाले, “फायबर आसा ओ, गंज येवचो नाय.” खरंय, फायबरला गंज येत नाही. पण ते फायबर ज्याच्यावर बसवलंय ते लोखंडच असतं ना ओ! वरून लालभडक ताजा रंग, आरशासारखा, आणि मी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर खाली खारी बिस्किटासारखे पापुद्रे, स्क्रूड्रायव्हर टेकवला, टेकवला हां, दाबला नाही, तर मुठीपर्यंत आत गेला आणि खालून कोंबडी ओरडत पळाली. ह्यावर मालक काय म्हणावेत? “वेल्डिंग मारूक किती तो खर्च?” अहो मग तुम्हीच मारा ना आणि मग विका! चासी नंबर वाचता येत नाही इतका गंज, इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही, पुढची काच तडकलेली, ती आता कुठून आणायची, आणि हे सगळं फोनवर तीनदा विचारलं होतं मी, तीनदा! तिन्ही वेळा उत्तर एकच, “एकदम ओके कंडिशन, या तुम्ही.”

कागदपत्रं? आजोबांच्या नावावर. आजोबा २०११ ला गेले. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो, गाडीला पंधरा वर्षं झाली की फिटनेस दाखवून नोंदणी रिन्यू करायची असते, पर्यावरण कर भरायचा असतो, आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसतोय तो उतरवायचा असतो. पण “एजंट आपलाच आसा” म्हटलं की मिटलं.

खरं सांगू का, त्या मालकापेक्षा राग तुमचा येतो. होय, तुमचाच. प्रत्येक जाहिरातीखाली बदाम टाकून ‘दादा लास्ट प्राईस?’ विचारता, घ्यायची तर दमडीची नसते, आणि तेवढ्यावर त्याला वाटतं शंभर गिऱ्हाईकं रांगेत उभी आहेत. अरे, किती लावलेत हे काय विचारता, शेवटची कितीला गेली ते विचारा! लावायला काय, मी माझ्या स्प्लेंडरचे पण दोन लाख लावीन. खाली वाकून बघा, मेकॅनिकला दोन हजार देऊन सोबत न्या, वेल्डिंग, काच, टायर, आरटीओ ह्या सगळ्याचा आकडा कागदावर लिहा, आणि तो भावातून वजा करताना लाजू नका.

आणि मालक, तुम्ही हे वाचत असाल तर, काल मी बघितलं, भाव साडेसातचा आठ केलात. आधी आजोबांचं नाव उतरवा. आणि ते मॅटिंग परत खाली चिकटवू नका.