निरीक्षकाला दारात अडवा म्हणे!

‘औषध निरीक्षक दुकानात आला तर घाबरू नका, हे पाच मुद्दे लक्षात ठेवा’ असा एक संदेश सध्या औषधविक्रेत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतो आहे. तो माझ्या भाचीपर्यंतही पोहोचला आणि परवाना मिळून वर्षही न झालेल्या त्या मुलीने मुदत संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत भरून रात्री घरी आणल्या; म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मुदतबाह्य औषधाची एक पट्टी सापडली तरी परवाना जागेवर रद्द होतो, सबब असा माल घरी न्यावा किंवा कचऱ्यात टाकावा, हा त्यातील सर्वांत घातक मुद्दा. औषधे नियम, १९४५ मधील नियम ६५ चा पोटनियम १७ वाचण्याचे कष्ट लेखकाने घेतलेले दिसत नाहीत. मुदतबाह्य औषध विकता येत नाही आणि विक्रीच्या मालात ठेवताही येत नाही, हे खरेच. पण ते कंपनीकडे परत पाठवण्याची किंवा नष्ट करण्याची कार्यवाही सुरू केली असेल, तर तोपर्यंत ते दुकानातच, मात्र इतर मालापासून वेगळ्या खोक्यात, वर ‘विक्रीसाठी नाही’ असे ठळक लिहून ठेवण्याची मुभा हाच पोटनियम देतो. घरी नेलेल्या पिशवीला असे कोणतेही संरक्षण नाही, आणि कचऱ्यात टाकलेली गोळी कोणाच्या हाती लागेल हे सांगता येत नाही. भाचीने दुसऱ्याच दिवशी पिशवी परत नेली, खोक्यावर जाड मार्करने ते शब्द लिहिले आणि एक्स्पायरी परतीची यादी घाऊक विक्रेत्याला पाठवली. अर्धा तास लागला. शिवाय परवाना रद्द करण्याचा अधिकार परवाना प्राधिकाऱ्याचा आहे. त्यालाही नियम ६६ नुसार आधी कारणे दाखवण्याची संधी द्यावी लागते, आणि आदेशाविरुद्ध तीन महिन्यांत राज्य शासनाकडे अपील करता येते.

‘वॉरंट मागा, नाहीतर आत घेऊ नका’ हा मुद्दा चित्रपट पाहून लिहिलेला असावा. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० चे कलम २२ निरीक्षकाला औषधविक्रीच्या जागेची तपासणी करण्याचा, नमुने घेण्याचा आणि नोंदवह्या पाहण्याचा अधिकार थेट देते. हेतुपुरस्सर अडथळा आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ओळखपत्र जरूर मागावे. दार अडवू नये.

नमुने फुकट नेता येत नाहीत, हे मात्र संदेशाने बरोबर सांगितले आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. कलम २३ नुसार रास्त किंमत देऊ करावी लागते, नमुना घेण्याचा हेतू लेखी कळवावा लागतो आणि दुकानातून घेतलेल्या नमुन्याचा एक भाग विक्रेत्याकडे राहतो. परंतु ‘म्हणून नमुना नाकारा’ हा पुढचा सल्ला त्यातून कसा निघतो, हे कळत नाही.

फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगले की पुरे, या चौथ्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही: चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचे असते, आणि देखरेख भिंत करीत नाही.

राहिला ‘तपासणी वहीत काही लिहू देऊ नका’ हा पाचवा मुद्दा. ‘फॉर्म ३५’ या ठरलेल्या रूपातील ती वही ठेवणे ही परवान्याचीच अट आहे आणि ती निरीक्षकाने आपले शेरे व आढळलेल्या त्रुटी नोंदवाव्यात म्हणूनच असते. उद्या नोटिशीत भलतीच त्रुटी दाखवली गेली, तर त्या दिवशी प्रत्यक्षात काय आढळले होते हे दाखवायला विक्रेत्याच्या हाती तेच पान असते.