गंगेला दाढी

ज्येष्ठ नातेवाइकांना घेऊन बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या भपकेदार शैलीतलं, चर्च बघायला जाऊ नये. गेलात तर निदान ऐन दुपारी जाऊ नये.

रोमच्या पियाझ्झा नावोना चौकात आम्ही पोहोचलो तेव्हा सांत अन्येझे चर्चचं दार बंद होतं. मी वैतागलो. आत्या म्हणाली, "नैवेद्य झाला असेल. देव जरा पडणार नाही होय?"

गाइडला बरंच झालं. समोरच्या, शिल्पकार बेर्निनीच्या कारंज्यावर चार नद्यांचे चार पुतळे आहेत. त्यातल्या दक्षिण अमेरिकेच्या ला प्लाता नदीने हात वर केलाय, तो म्हणे बेर्निनीचा प्रतिस्पर्धी वास्तुकार बोरोमिनीने बांधलेलं हे चर्च अंगावर कोसळेल या भीतीने! मंडळी खूश. मी सांगून पाहिलं, की कारंजं 1651 मध्ये पुरं झालं, चर्चचा पाया 1652 मध्ये पडला आणि बोरोमिनी तर त्यानंतर वर्षाने कामावर आला. चर्चची दर्शनी भिंत त्याने मुद्दाम आत ओढून घेतली, म्हणून चौकातून घुमट दिसतो, हेही सांगितलं. सनावळ्या सांगणाऱ्याकडे सहलीत लोक ज्या नजरेने बघतात, त्याच नजरेने आतोबांनी माझ्याकडे बघितलं.

"यातली आपली गंगा कुठली?" आत्याने विचारलं.

गाइडने वल्हं धरून बसलेला दाढीवाला बाप्या दाखवला.

"गंगामाईला दाढी?"

रोमन लोक नद्यांना पुरुषदेवता मानत, वल्हं आहे कारण गंगेतून नावा चालतात, असं मी समजावलं. "मग हा नावाडी झाला," आत्या म्हणाली. तरी तिने चपला काढून नमस्कार केला. कारंज्याचे फोटो काढणारे पर्यटक आत्याचे काढू लागले.

आता तिचे गुडघे बोलू लागले. पण चौकातल्या कॅफेत बसून कॉफी घेतली तर उभ्याने पिण्यापेक्षा कितीतरी महाग. दर ऐकून गुडघे गप्प झाले.

चर्च उघडलं. आत्याची नऊवारी सन्मानाने आत गेली, आतोबांची बर्म्युडा दारात अडली. गुडघे झाकायला हवेत. शेवटी आत्याची शाल त्यांना लुंगीसारखी गुंडाळली. त्या वेषात ते मान वर करून घुमटातली चित्रं इतक्या तन्मयतेने बघत होते, की दोन जपानी बायका त्यांना वाट देऊन बाजूला झाल्या.

जिच्या नावाचं हे चर्च, त्या संत अ‍ॅग्नेसची कवटी एका छोट्या देवघरात ठेवलेली आहे. बारा-तेरा वर्षांची असताना तिला मारलं, अशी परंपरा.

"एवढीशी पोर? कुमारिका म्हणजे!" आत्याने पर्स उघडली. राजगिऱ्याचा लाडू बाहेर येतोय असं दिसताच मी घाईने मेणबत्तीचे पैसे टाकायची पेटी दाखवली.

"एक युरो म्हणजे किती रे?"

"साधारण शंभर रुपये."

लाडू परत बाहेर आला. आतोबांनी गुपचूप नाणं टाकलं.

बसमध्ये गाइडने विचारलं, चर्च कसं वाटलं? "मजबूत आहे हो," आत्या म्हणाली. "त्या ला प्लाताला म्हणावं, कर हात खाली."