‘दोन सफाऱ्या, वाघ शून्य’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. डिसेंबरातल्या मुक्कामाला तुम्ही एक तारा दिलात. तक्रारी अशा: ताडोब्याच्या मोहर्ली गेटवरून दोन सफाऱ्या करूनही वाघ नाही, गाइडने जिप्सी अर्धा तास एकाच जागी उभी केली, मोबाइल नेऊ दिला नाही, न आलेल्या भावाऐवजी काकांना गेटवर सोडलं नाही, आणि नाश्ता गार.

आधी त्या अर्ध्या तासाचं. ‘सांबर ओरडत होतं, तरी गाडी हलवली नाही,’ असं तुम्हीच लिहिलंय. सांबर ओरडत होतं म्हणूनच हलवली नाही. ताडोब्यातल्या साग-बांबूत डिसेंबरात रस्त्याकडेच्या झुडपापलीकडचं दिसत नाही, तेव्हा भिस्त कानांवर. इंजिन चालू असलं की तेही गेलं. चितळ जरा बुजरंच, बिबट्याला पाहूनही कॉल (धोक्याचा इशारा) देतं आणि कधी उगाचच. वानर कॉल देताना कुठे बघतंय, त्यावरून दिशा कळते. सांबर मात्र एकाच जागी पाय आपटत पुन्हा पुन्हा ओरडलं, तर मोठा शिकारी जवळ असल्याची शक्यता बरीच. कॉल थांबले की वाघ एकतर बसला किंवा पुढे सरकला. चालत असेल तर बरेचदा मऊ मातीचा रस्ता धरतो, म्हणून गाइड तिठ्यावर थांबतात. त्या दिवशी तो बाहेर आला नाही, एवढंच.

दुसरं कारण ऋतूचं. डिसेंबरात नाल्यांना पाणी असतं, गवत उंच असतं. वाघाला तळ्यावर यायची गरजच पडत नाही. एप्रिल-मेमध्ये डबकी आटतात आणि तो भरदिवसा पाणवठ्यात बसलेला दिसू शकतो. फक्त वाघच हवा असेल तर तेव्हा या, 45 अंशांची तयारी ठेवून. आमची हिवाळ्यातली खोली रिकामी राहिली तरी सल्ला हाच. तरीही हमी नाही: कोअरच (व्याघ्र प्रकल्पाचा आतला, जास्त संरक्षित भाग) सुमारे 625 चौरस किलोमीटरचा आहे, आणि पर्यटकांना त्यातले ठरावीक रस्तेच खुले असतात. मंगळवारी कोअरमधली सफारी बंद, 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर बंद.

रानकुत्र्यांच्या टोळीला तुम्ही ‘नुसते कुत्रे’ म्हणालात, त्यावर मात्र आमच्याकडे उत्तर नाही.

मोबाइलबंदी वनविभागाची आहे, कॅमेरा चालतो. परमिटही त्यांचंच. बुकिंग करताना भरलेलं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक गेटवर मूळ कागदाशी ताडून बघतात, नाव बदलून मिळत नाही. म्हणून येणं पक्कं असलेल्यांचीच नावं टाका आणि जे ओळखपत्र नोंदवलं तेच मूळ प्रतीत आणा.

नाश्त्याचा डबा पहाटे निघण्याआधी भरतात आणि जंगलात तो ठरलेल्या थांब्यावरच उघडता येतो. गरम हवा असेल तर आदल्या रात्री स्वयंपाकघरात सांगून ठेवा, सफारीहून परतल्यावर वाढतील.

– व्यवस्थापन