कोकणात घरगुती मुक्कामाला जाताय? मग एवढं कराच!

यंदा 26 जानेवारी सोमवारी आली आणि अख्खं पुणं-मुंबई दिवेआगरला. आम्हीही तिथेच, एका वाडीतल्या घरगुती मुक्कामात होतो. शेजारच्या तीन खोल्यांत अत्यंत अनुभवी पर्यटक मंडळी उतरली होती. त्यांच्याकडून जे शिकायला मिळालं (बरंचसं रात्री अडीचपर्यंत जागून) ते एकट्याने गिळून बसणं बरं नव्हे. तेव्हा लिहून घ्या.

पहिलं म्हणजे भाव पाडा. घरमालक काका खोलीचे 1800 म्हणाले, तर "चार माणसांचे ना? जेवणासकट ना?" असं विचारायचं. वाटेत फूडमॉलवर एका कॉफीला 250 रुपये निमूट मोजले, ते वेगळं. तिथे भाव करायचा नसतो, तिथे माणसं युनिफॉर्ममध्ये असतात.

पोहोचल्या पोहोचल्या चिडा. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काही बोलत नाही, माणगावच्या वाहतूककोंडीबद्दल तर नाहीच. पण तो राग कुणावर तरी निघायला हवा, आणि काका फाटकाशी उभेच असतात.

स्पीकर विसरू नका. समुद्राला ठेका नाही.

वीज गेली की काकांकडे रोखून बघा. ती तेच तयार करतात.

आता जेवणाचं. फाटकावर "शाकाहारी घरगुती जेवण" अशी पाटी असते, ती इतरांसाठी. आपण आत जाऊन "काकू, चिकन नाही का? निदान ऑम्लेट?" असं किमान तिघांनी, वेगवेगळ्या वेळी विचारायचं. मग मोठ्या मनाने "बरं, उद्या मोदक करा" म्हणायचं. किती? "करा हो, चाळीस-पन्नास!" काकू पहाटे उठून नारळ खवतात, उकड काढून मळतात, एकेक पारी हाताने करून कळ्या पाडतात. सुनेचा तो सबंध दिवस चुलीपुढे जातो. बरोबर त्याच दुपारी तुम्ही रस्त्यावर सुरमई थाळीची पाटी बघायची, तिथेच जेवायचं आणि साडेतीनला ढेकर देत परत यायचं. "अगं बाई, मोदक राहिलेच की! पाच-सहा बांधून द्या. बाकीच्यांचे कशाला पैसे, आम्ही खाल्ले कुठे?" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. काकू काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही, कारण माझ्या तोंडात मोदक होता. त्यांचा मेन्यू आम्हाला लाभला.

वाळूचे पाय नळावर धुवू नका. खोलीत न्या, चादरीवर झटका.

वाडी फिरताना शहाळं पाडून घ्या, सुपारी वाळत घातली असेल तर पोरांना त्यावरून पळू द्या, आणि मग विचारा, "वेबसाइटवर तर झाडी दाट दिसत होती. ही एवढी विरळ कशी?" काकांनी शांतपणे सांगितलं की 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन तालुक्यात घरांची छपरं उडाली, माड आणि पोफळी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर सुपारी हाताला लागायला पाच-सात वर्षं जातात, माडाचंही तसंच. म्हणजे आजोबांनी लावलेलं एका दुपारी गेलं आणि नवं आत्ता कुठे धरू लागलंय. ऐकणाऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, "मग फोटो अपडेट करा ना."

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी पुळणीवर, म्हणजे थेट किनाऱ्याच्या वाळूत न्या.

सुरूच्या बनाच्या अलीकडे पार्किंग असतं, पण तिथून समुद्रापर्यंत चालावं लागतं. चालायला का आपण चौदा लाखांची गाडी घेतली? रविवारी रथसप्तमी होती. मंडळींनी सकाळी गाडी मागे घेताना अंगणातली सूर्यनारायणाची रांगोळी पुसली आणि दुपारी आपला रथ थेट वाळूत उतरवला. ओहोटी होती. ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट लागते, त्यामुळे व्हिडिओ झकास येतो. गरागरा गोल फिरवली, फवारे उडवले, दोनदा एका पोराच्या अंगावरून जाता जाता राहिली. मग पाण्यापासून हातभर अंतरावर लावून सगळे फोटो काढायला पांगले.

किनाऱ्यावरच्या कोणत्याही माणसाला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. सप्तमीला साताची पाऊणपट, म्हणजे सव्वापाच. हे गणित तिथल्या शाळकरी पोरांना येतं, त्याला अ‍ॅप लागत नाही. चारच्या पुढे लाटा चाकांना लागल्या. प्रत्येक लाट परत जाताना टायरखालची वाळू घेऊन जाते. साहेबांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला तशी गाडी आणखी रुतली. सप्तमी, म्हणजे भांगाची भरती, पाणी त्यातल्या त्यात कमी चढतं. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण असतं तर गाडीचं फक्त टप दिसलं असतं, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं नसतं.

ट्रॅक्टर आला. गावातली आठ पोरं कमरेइतक्या पाण्यात उतरून ढकलायला लागली. गाडी निघाली. ट्रॅक्टरवाल्याने 2000 मागितले. साहेब काय म्हणाले असतील? "लुटता काय टुरिस्टला?"

लुटता काय! अरे, ती पोरं तुझ्यासाठी पाण्यात उतरली होती! आणि मुळात गाडी वाळूत नेलीच कशाला? नोव्हेंबर ते मार्च या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळास, हरिहरेश्वर, हेच दिवेआगर. मादी वाळूत जेमतेम हातभर खाली शंभरेक अंडी पुरून जाते. वरून तुमची दीड टनाची गाडी गेली तर खाली काय उरतं? कासवमित्र रात्री-पहाटे पाऊलखुणा शोधत किनारा तुडवतात, अंडी उचलून कुंपणात नेऊन ठेवतात, आणि तुम्ही त्या पाऊलखुणांवर गोल गोल गाडी फिरवता. रात्री हेडलाइट लावून पार्टी करता. बाहेर पडलेली पिल्लं उजेडाकडे जातात हो, समुद्र सोडून तुमच्या बंपरकडे! वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल टायरखाली चिरडता, आणि पुढच्या वर्षी येऊन म्हणता की बीच छोटा झाला.

बास. आता सल्ले संपले, सरळ सांगतो. 1800 रुपयांत तुम्ही खोली घेतली आहे, माणसं घेतलेली नाहीत. ते घर आहे. त्यात म्हातारी सासू आहे, दहावीचं पोरगं आहे, ज्याला तुमच्या स्पीकरमुळे रात्री अभ्यास करता आला नाही आणि जे सकाळी उठून तुमच्या बाटल्या गोळा करत होतं. पाच तारे हवेत तर पाच ताऱ्यांचे पैसे टाका आणि तिकडे जा, कोणी अडवलंय? आणि जाताना काकांना वर "एक तारा देऊ रिव्ह्यूला" अशी धमकी देता? लाज वाटत नाही? मोदक सांगितलेत तर पैसे द्या. सगळ्यांचे. आजच, ऑनलाइन पाठवता येतात.