मॅडम, लॉक झालंय

नागरी सहकारी बँकेच्या आयटी विभागात आहे असं सांगितलं की नातेवाइकांना वाटतं, मी दिवसभर हॅकर पकडत असते. मी दिवसभर अनलॉक करत असते. तीनदा पासवर्ड चुकला की युजर लॉक होतो, युजर लॉक झाला की शाखेतून मुख्य कार्यालयात फोन येतो, आणि मुख्य कार्यालय म्हणजे मी. सोमवारी फोन जास्त, कारण रविवारी माणूस संसारात रमतो. दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवशी तर मी डबाच नेत नाही. उघडायला सवड मिळत नाही.

"मॅडम, लॉक झालंय."

"काय टाकलंत?"

"तोच. रोजचाच."

"अनलॉक केलंय. आता टाकायच्या आधी कॅप्स लॉकचा दिवा बघा."

पलीकडे थोडा वेळ नुसती कळफलकाची टकटक. मग, "झालं बघा आता. तुमच्याकडूनच काहीतरी प्रॉब्लेम होता."

हा सोपा फोन. पासवर्ड खरोखर विसरलेला असला तर मला तात्पुरता नवा द्यावा लागतो, आणि तो तोंडी सांगावा लागतो. "पहिला डब्ल्यू मोठा." "मोठा म्हणजे?" "कॅपिटल हो. पुढचं सगळं बारीक. मग ॲट." "ॲट कुठंय?" "तो गोल ए." इथं पासबुक भरायला आलेल्या खातेदाराचा आवाज मला स्पष्ट ऐकू येतो, "शिफ्ट धरा आणि दोन दाबा, दोन!" आमचे सभासद जागरूक आहेत. 'अँड'च्या चिन्हाला आमच्याकडे जिलेबी म्हणतात. ते मी तात्पुरत्या पासवर्डात कधीच घालत नाही, शोधण्यात शाखेचं कामकाज थांबतं.

पूर्वी पासवर्ड चार अक्षरी असायचा आणि एकदा ठेवला की निवृत्तीपर्यंत पुरायचा. मग २०१८ चा ऑगस्ट उजाडला. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. बनावट कार्डं वापरून काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, आणि सगळं मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तो हल्ला मालवेअरचा, म्हणजे संगणकात घुसवलेल्या घातक प्रोग्रॅमचा होता. कुणा क्लार्कच्या ड्रॉवरमधली चिठ्ठी चोरून झालेला नव्हता. पण आमच्या संचालक मंडळात पहिला प्रश्न आला तो, "आपला पासवर्ड किती अक्षरी आहे?" त्याच वर्षी ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली, आणि पुढच्या वर्षअखेरीला बँकांच्या डिजिटल व्यापानुसार चार पातळ्याही ठरवल्या. आमची पातळी साधीच, पण उत्साह चौथ्या पातळीचा. धोरण तयार झालं. किमान आठ अक्षरं, त्यात एक मोठं, एक बारीक, एक अंक, एक विशेष चिन्ह; दर ४५ दिवसांनी बदल; मागचे पाच पुन्हा चालणार नाहीत.

नियम निघाला त्या आठवड्यात शाखाशाखांतून हाहाकार होईल अशी माझी अपेक्षा होती. काहीच झालं नाही. मराठी माणूस नियमाशी भांडत नाही, नियमाच्या शेजारून जातो. दोन पंथ तयार झाले. पहिला भाविकांचा: साईबाबा, गणेश, स्वामी यांपैकी एक, पुढे गोल ए, पुढे एक-दोन-तीन. पहिलं अक्षर मोठं, देवाचं म्हणून ते आपोआपच. दुसरा पंथ व्यवहारी लोकांचा: चालू महिन्याचं नाव, गोल ए, चालू साल. संगणक या दोन्हींना हिरवी पट्टी दाखवून 'भक्कम' म्हणतो. मार्केट यार्ड शाखेत एका मॅडमनी पासवर्ड कालनिर्णयच्या पानावर लिहून ठेवला होता. पान उलटलं की पासवर्ड उलटतो. व्यवस्था म्हणून मला ती मनापासून आवडली होती, बोलता येत नव्हतं इतकंच. बाकी बहुतेकांच्या चिठ्ठ्या टेबलाच्या काचेखाली, लक्ष्मीच्या फोटोशेजारी.

कर्ज विभागातले एक काका मात्र तत्त्वाचे. नातवाच्या नावाचा पासवर्ड, तो बदलायचा नाही म्हणजे नाही. मागचे पाच चालत नाहीत ना? मग मुदत आली की ते बसल्या जागी पाच वेगळे पासवर्ड टाकायचे आणि सहाव्या खेपेला नातू परत. दहा मिनिटांचं काम. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही जगभर हे काका भेटलेले असणार, कारण 'एकदा बदललेला पासवर्ड किमान एक दिवस बदलता येणार नाही' अशी सोय त्यांनी आधीच करून ठेवलेली असते. ती मी चालू केली. काकांनी तेव्हापासून माझ्याशी बोलणं कमी केलं आहे. नातवाची मुंज झाली, मला पत्रिका नव्हती.

या सगळ्याचं मूळ शोधत गेलं की माणूस अमेरिकेत पोचतो. तिथं निस्ट नावाची सरकारी मानक संस्था आहे. तिथल्या बिल बर या अधिकाऱ्याने २००३ मध्ये पासवर्डबद्दल एक मार्गदर्शक मजकूर लिहिला: चिन्हं घाला, अंक घाला, ठरावीक काळाने बदला. जगभरच्या कार्यालयांनी तो डोक्यावर घेतला. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनी एका वर्तमानपत्राला सांगितलं की आपण जे केलं त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने सल्लाही बदलला. पासवर्ड फुटल्याची शंका असल्याशिवाय तो बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, त्यापेक्षा लांबी वाढवू द्या, आणि चोरीला गेलेल्या पासवर्डांच्या यादीत तो आहे का ते ताडून बघा. दोन वर्षांनी मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या शिफारशींतून मुदतीचा नियम काढून टाकला.

हे सगळं छापून, पिवळ्या मार्करने रंगवून मी आमच्या ऑडिटरसाहेबांपुढे ठेवलं. त्यांनी चहाचा कप त्याच्यावर ठेवला.

"हे अमेरिकेचं झालं, मॅडम. माझ्या चेकलिस्टमध्ये रकाना आहे. पासवर्ड ठरावीक मुदतीने बदलतो का? हो की नाही?"

"हो."

"मग झालं तर. फक्त ४५ चे ३० करा, शेरा चांगला जाईल."

ज्याने नियम लिहिला त्याला पश्चात्ताप झाला, पण रकान्याला पश्चात्ताप होत नाही. आता कालनिर्णयचं पान आणि पासवर्डची मुदत अगदी बरोबर जुळतात. मार्केट यार्डच्या मॅडम खूश आहेत.

ऑडिटरसाहेबांचा खरा वचक युजर्सच्या यादीवर. माणूस बदलून गेला, निवृत्त झाला, की त्याचा आयडी बंद व्हायला हवा. तसं पत्र आस्थापना विभागाकडून आमच्याकडे यायला हवं. निरोप समारंभाचं निमंत्रण वेळेवर येतं, पत्र येत नाही. एका वर्षी यादीत एक दिवंगत शिपाईमामा निघाले, ज्यांना कुणीतरी कधीतरी टोकन छापण्यापुरता आयडी दिला होता. त्यांचं वर्षश्राद्ध होऊन गेलेलं, आणि त्यांचं शेवटचं लॉग-इन आदल्या शनिवारचं. ऑडिटरसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. चौकशीअंती कळलं की एक जुना रिपोर्ट फक्त त्याच आयडीतून निघतो, म्हणून शाखा तो जपून आहे. "मामा गेले, पण अजून मदत करतात," असं शाखाधिकारी भाबडेपणाने म्हणाले. 'टेस्ट १' नावाचा एक युजर तर कुणाचाच नाही, पण त्याला सगळे अधिकार आहेत. आणि क्लिअरिंगमधून ठेवी, ठेवींतून कर्ज असा बदल्यांचा प्रवास केलेल्या माणसाकडे प्रत्येक टेबलाचे अधिकार साठत जातात. पुढच्या टेबलाचे देताना मागच्याचे काढून घ्या, असा फोन मला आजवर एकानेही केलेला नाही.

पण मला सर्वांत जास्त छळतं ते पासिंग. बँकेत एन्ट्री एकाने करायची आणि दुसऱ्या अधिकाऱ्याने ती तपासून पास करायची. मेकर-चेकरची ही पद्धत संगणकाहून जुनी आहे. संध्याकाळ होते, डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करण्याचं काम, अडकलेलं असतं, आणि पासिंग ऑफिसर भाचीच्या हळदीला गेलेले असतात. मग शाखेतून त्यांना फोन जातो, पाठीमागे बँडचा आवाज, आणि साहेब त्याच्यावर आवाज चढवून आपला पासवर्ड अख्ख्या मांडवाला सांगतात. एन्ट्री करणाऱ्या मुलीनेच मग ती साहेबांच्या नावाने पास करायची. मेकर तीच, चेकरही तीच.

आता गंमत बघा. हेच साहेब स्ट्राँगरूमची किल्ली कुणाच्या हाती देणार नाहीत. दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. हस्तांतर करायचं तर रजिस्टरमध्ये नोंद, वेळ, दोघांच्या सह्या. घरी जेवतानाही किल्ली कमरेला असते. मग पासवर्डाच्याच बाबतीत इतके उदार का? मला वाटायचं, लोकांना गांभीर्य नाही. आता वाटत नाही. किल्लीला रजेची सोय आहे, रजिस्टर आहे, सीलबंद पाकिटात दुसरीकडे ठेवलेली डुप्लिकेट आहे. पासिंगचे अधिकार तात्पुरते दुसऱ्याला द्यायचे तर आमच्याकडे एक फॉर्म आहे, तो दोन दिवस आधी पाठवायचा आणि त्यावर सरव्यवस्थापकांची सही लागते. आजारी पडणारा माणूस दोन दिवस आधी कळवून पडत नाही. आणि डे-एंड झाल्याशिवाय कुणाला घरी जाता येत नाही. शेवटची एसटी साडेसातची.

हे दुखणं पासवर्डाच्या जन्मापासूनचं आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीत एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायचा होता, म्हणून फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने प्रत्येकाला पासवर्ड दिला. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाने अख्खी पासवर्डांची फाइल छापून घेतली. हेरगिरीसाठी नाही, पैशासाठी नाही. त्याला आठवड्याला चारच तास मिळत होते आणि काम उरकत नव्हतं. आमच्या एन्ट्री करणाऱ्या मुलीला हा माणूस लगेच कळेल. खुद्द कॉर्बातोंकडे म्हातारपणी आपल्या पासवर्डांची टंकलिखित यादी होती, तीन पानांची. आमच्याकडे काचेखाली एवढी जागा नसते.

वर्षातून एकदा मी सायबर जागरूकतेचं प्रशिक्षण घेते, बँकेच्या वरच्या सभागृहात, उपमा-चहासह. यंदा लूव्हरचं उदाहरण घेतलं. पॅरिसच्या त्या संग्रहालयातून १९ ऑक्टोबर २०२५ ला दिवसाढवळ्या राजघराण्याचे दागिने चोरीला गेले, आणि पाठोपाठ वर्तमानपत्रांनी एक जुना अहवाल बाहेर काढला. २०१४ च्या सुरक्षा तपासणीत तिथल्या सीसीटीव्हीच्या सर्व्हरचा पासवर्ड निघाला होता 'लूव्हर'. चोर खिडकी कापून आत गेले, त्यांना पासवर्ड लागला नाही, तरी उदाहरण चपखल होतं. सभागृह गंभीर झालं. स्टेशन रोड शाखेने सामाईक संगणकाला शाखेचंच नाव ठेवलं होतं, म्हणून मी मुद्दाम तिकडे बघितलं. तिथले एक साहेब शेजाऱ्याला म्हणत होते, "बघ, फ्रान्समध्येसुद्धा तसंच ठेवतात."

शेवटी संचालक मंडळानेच तोडगा काढला. पासवर्ड नको, अंगठा लावा. यंत्रं आली, मार्केट यार्ड शाखेत नारळ फुटला. कॅशियरबाईंनी बोट ठेवलं. 'पुन्हा प्रयत्न करा.' पुसून ठेवलं. 'पुन्हा प्रयत्न करा.' आयुष्यभर ओल्या स्पंजावर बोट टेकवून नोटा मोजलेल्या, रेषा कधीच्या झिजलेल्या. "मी आहे की नाही या बँकेत?" असं त्यांनी यंत्राला विचारलं. अशांसाठी पासवर्डची सोय चालू ठेवावी लागली, आणि पंधरवड्यात सगळेच अशांमध्ये मोडू लागले.

तरी मी सगळ्या पासिंग ऑफिसरांची बैठक घेतली आणि समजावून सांगितलं की निदान पासिंग तरी अंगठ्यानेच होणार, आता कुणाला काही सांगता येणार नाही आणि कुणाचं काही चोरता येणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. हळदीवाले साहेब तेवढे वही मिटून विचारात पडलेले.

"मॅडम, पण लगीनसराईत मी रजेवर गेलो की बोटाचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? साहेब, ते तुमच्याबरोबरच येईल."

"तेच म्हणतोय ना मी. मग पासिंग कोण करणार?"