पासंग

गोल्फची हिरवळ मी आयुष्यात कधी जवळून पाहिलेली नाही. सोलापूरकराला डोळ्यांना पुरेल एवढं हिरवं म्हणजे ऊस, आणि उसात गेलेला चेंडू पुढच्या तोडणीलाच सापडायचा. तरी गेले तीन आठवडे मी रोज रात्री जेवण उरकून गोल्फ खेळतो आणि रोज रात्री चेंडू डावीकडच्या पाण्यात घालतो.

लेकीच्या वाढदिवसाला निन्टेंडो स्विच हा टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचा डबा आणला, तिथून हे सुरू झालं. ‘निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स’ हा गेम २०२२च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा त्यात गोल्फ नव्हताच. तो त्याच वर्षी नोव्हेंबरात वरून फुकट मिळाला. एकूण २१ होल, म्हणजे चेंडू घालायचे खड्डे. फुकटचं सोडायचं नाही या घरच्या संस्काराने मी त्यात शिरलो.

हातात जॉय-कॉन, म्हणजे स्विचचा छोटा कंट्रोलर, धरायचा. हा टीव्हीच्या रिमोटच्या निम्मासुद्धा नसतो, पण तो गोल्फची काठी आहे असं समजून दोन्ही हातांत, तोंड खाली करून धरायचा आणि झुलवायचा. पडद्यावर एक पट्टी भरत जाते. हवी तेवढीच भरली तर चेंडू सरळ. जास्त जोर लावला की तो भलतीकडे. इथेच माझी गोची आहे. आम्ही गल्लीत टेनिस बॉलवर वाढलेले लोक. चेंडू आला की डोळे मिटून मिडविकेटवरून फेकायचा आणि खिडकी फुटली तर पळायचं. ‘अर्धाच मार’ असं मला आजवर कुणीच सांगितलेलं नाही. बरं, होलजवळ गेल्यावर तर जेमतेम ढकलायचा असतो. हळू हलवलं तर गेमला कळतच नाही, जरा जोरात हलवलं तर चेंडू हिरवळ ओलांडून पलीकडे. मी कंट्रोलर घेऊन चहात साखर ढवळल्यासारखा हात हलवत उभा असतो आणि पडद्यावरचा माझा पुतळा नुसता बघत असतो.

कंट्रोलरची पट्टी मनगटात अडकवल्याशिवाय मात्र खेळत नाही. २००६ साली निन्टेंडोचाच ‘वी’ हा आधीचा डबा आला तेव्हा लोकांच्या हातातून रिमोट सुटून टीव्हीवर जायला लागले आणि कंपनीला सुमारे ३२ लाख पट्ट्या बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली होती. आमच्याकडे टीव्ही शाबूत आहे. ट्यूबलाइट गेली, पण ती माझ्या मुठीने.

तर चेंडू डावीकडे. लेक म्हणाली, “बाबा, कॅलिब्रेट करा.” मग मी जरा वाचलं. आत एक जायरोस्कोप असतो, कंट्रोलर किती वेगाने फिरला ते मोजणारा. तो अगदी स्थिर असतानाही कधी कधी ‘मी किंचित फिरतोय’ असं सांगत राहतो. ही चिमूटभर चूक क्षणाक्षणाला साठत जाते आणि काठीचं तोंड वाकडं होतं. गरमीनेही हा शून्य सरकतो म्हणे. सोलापुरात मे महिन्यात माणसाचा शून्य सरकतो, तिथे त्या बिचाऱ्याचं काय! वडिलांचं किराणा दुकान होतं, त्यामुळे मला हे एका शब्दात कळलं: पासंग. रिकाम्या तराजूची एक बाजू खाली असते तो पासंग. तो आधी काढायचा, मग माल तोलायचा.

काढायची रीत सोपी. सेटिंगमध्ये जायचं, कंट्रोलर सपाट जागेवर ठेवायचा, अधिक किंवा वजा खुणेचं बटण दाबून धरायचं आणि बोट काढलं की कशालाही हात लावायचा नाही. सपाट आणि स्थिर. बस.

तर सपाट जागा शोधताना मला माझं घर पहिल्यांदा नीट दिसलं. गादी बाद. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली वर्तमानपत्राची घडी. फ्रिजवर ठेवला तर फ्रिजला दर थोड्या वेळाने हुडहुडी भरते. शहाबादी फरशीवर शेजारच्या गवंड्याची पाणसळ आणून ठेवली, तर बुडबुडा सरळ मोरीकडे धावला. शेवटी पोळपाट आठवला. तीन पायांचा. तीन पायांची वस्तू कशीही ठेवा, डगमगत नाही. पोळपाटावर जॉय-कॉन ठेवून मी उकिडवा बसलो, तेव्हा बायको कणकेची परात घेऊन दारात उभी होती. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही.

तरीही जमेना. पुन्हा करा, पुन्हा करा. मी पोळपाटावर तळहात ठेवला आणि लक्षात आलं: पोळपाट बारीक थरथरतोय. भिंतीपलीकडे अण्णांचे चादरीचे माग. सोलापूरच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत राहून मागाचा आवाज कानाला ऐकू येईनासा होतो, पण फरशीला येतो. फुलपात्रात पाणी घेऊन ठेवलं, तर त्यावर खटक्यागणिक गोल गोल वळ्या.

अण्णांकडे गेलो. म्हटलं, दोन मिनिटं माग बंद कराल का?

“का बे सर, कोण गेलं?”

“कोणी गेलं नाही. गोल्फ…”

अण्णा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. “रात्री खिडकीतून दिसतंय, हात हलवूलालाय. मला वाटलं डास मारूलालाय.” माग काही बंद झाले नाहीत. पार्टीची ऑर्डर होती.

म्हणजे आता लाइट जायची वाट बघणं आलं. लाइट गेली की माग बंद, पण टीव्हीही बंद. तेव्हा लेकीनेच सांगितलं की स्विच उचलून हातात घेतला तर बॅटरीवर चालतो. शुक्रवारी रात्री पावणेनऊला लाइट गेली. एरवी वीज मंडळाचा उद्धार करणारा मी, त्या दिवशी टाळी वाजवून उठलो. मोबाइलचा टॉर्च लावून तो दाताखाली, पोळपाट मांडीपुढे, घरात सगळ्यांना श्वास रोखायला सांगितलेला. आख्ख्या गल्लीत चिडीचूप. बटण दाबलं, सोडलं. झालं, एका झटक्यात झालं. फुलपात्रातलं पाणी काचेसारखं.

वीस मिनिटांनी लाइट आली. पलीकडे खटाखट सुरू झालं. मी पाय रोवले, पट्टी मनगटात घातली, आधी रिकामा हात फिरवून पाहिला. पडद्यावरची काठी माझ्याबरोबर अगदी इमानदारीत हलली. मग मारला. उजवं मनगट शेवटच्या क्षणी आपोआप वळलं, तेच ते मिडविकेटचं वळण, आणि चेंडू डावीकडच्या पाण्यात.

मी भिंतीकडे बघितलं.

“बाबा,” लेक म्हणाली, “आता मागाला काही बोलायचं नाही.”